महिन्याचा किराणा कुठून भरायचा? ॲप, मार्ट की आळीतलं दुकान

दिवाळीनंतरची गोष्ट. आजीला पेजेसाठी उकडा तांदूळ हवा होता, म्हणून रत्नागिरीतल्या आमच्या आळीतल्या दुकानात गेलो. ज्यांना लहानपणापासून काका म्हणतो ते दुकानदार म्हणाले, "उकडा ठेवणं बंद केलं रे. एक पोतं संपायला तीन-तीन महिने लागतात. तोवर पोरकिडे होतात."

कोकणात, भाताच्या मुलखात, उकडा तांदूळ मिळेना! आधी काकांचाच राग आला. घरी येईपर्यंत लक्षात आलं, की यात आमचाही हात आहे. पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी मिळाली आणि मी इकडे परत आलो, तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर महिन्याच्या वाणसामानाची एक स्प्रेडशीट बनवली. ३४ वस्तू, तीन ठिकाणचे भाव. काकांचं दुकान महाग निघालं. आईला लॅपटॉप दाखवून पटवलं आणि यादी सुपरमार्केट आणि ऑनलाइनकडे वळवली.

आता कळतंय, की त्या शीटमध्ये बग होता. तो कुठला, आणि तुम्ही ही तुलना करताना काय बघायला हवं, ते सांगतो.

आत्ता हा विषय का?

कारण गेल्या वर्षभरात किराण्याच्या धंद्यात बरंच काही हललंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. ३१ डिसेंबरला डिलिव्हरी करणाऱ्या कामगारांनी देशभर संप पुकारला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतला १० मिनिटांचा दावा काढून टाकला.

तुमच्या गावात १० मिनिटांचं ॲप चालत असो वा नसो, त्याचा परिणाम तुमच्यापर्यंत पोहोचतोच. कारण भाव किती असावा आणि सामान किती वेळात यावं, याची आपली सवय तिथूनच ठरते.

ॲपमागे नेमकं काय असतं?

पुण्यात असताना मीही ही ॲप्स रोज वापरायचो. तुम्ही ॲप उघडता तेव्हा तुम्हाला देशभरातला माल दिसत नाही. तुमच्या लोकेशनपासून दोन-तीन किलोमीटरवर एक डार्क स्टोअर असतं, म्हणजे ग्राहकाला आत प्रवेश नसलेलं गोदाम. फक्त तिथला साठा तुमच्या स्क्रीनवर येतो. कुठली वस्तू किती ठेवायची, हे सॉफ्टवेअर त्या भागातल्या आधीच्या ऑर्डरवरून ठरवतं.

हे गणित दाट वस्तीत जमतं. एकाच गोदामातून दिवसभर सतत ऑर्डर निघाल्या तरच भाडं, पगार आणि पेट्रोल सुटतं. रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार होती. मांडवीपासून मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबावपर्यंत वस्ती पसरलेली, चढ-उतार भरपूर, आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. म्हणून अशा गावांत कंपन्या जपून पाय टाकतात. आणि गणित बसलं नाही, तर निघूनही जातात. एकेकाळी मोठ्या शहरांत लोकप्रिय असलेलं डन्झो जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलं.

आणखी एक गोष्ट. डार्क स्टोअर आपल्याला आतून बघता येत नाही. जून २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या झेप्टोच्या गोदामाचा अन्न परवाना निलंबित केल्याची बातमी आली, तेव्हा तिथून रोज दूध-ब्रेड मागवणाऱ्यांना ते गोदाम कुठे आहे, हे पहिल्यांदा कळलं असेल. काकांच्या दुकानात उंदीर फिरला तर तो आपल्याला दिसतो!

भाव बघताना होणारी पहिली चूक

माझ्या शीटमध्ये मी पाकिटाची किंमत भरली होती. वजन भरलंच नव्हतं.

तेलाची पिशवी घ्या. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण बाजारात दिसायला तशीच, वजनाला कमी असलेली पिशवीही मिळते. समजा, एका ठिकाणी ८४० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना आहे आणि दुसरीकडे ९१० ग्रॅमची १४८ रुपयांना. पहिली स्वस्त वाटते. हिशोब केला तर पहिलीचा किलोचा भाव पडतो १६६ रुपये ६७ पैसे, दुसरीचा १६२ रुपये ६४ पैसे. म्हणजे 'महाग' पिशवीच स्वस्त.

हा हिशोब सोपा व्हावा म्हणून आता पाकिटावर एमआरपीसोबत युनिट सेल प्राइस, म्हणजे एका ग्रॅमचा, मिलिलिटरचा किंवा किलोचा भाव छापणं बंधनकारक आहे. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात सापडेल. फक्त लक्षात ठेवा, हा भाव एमआरपीवर काढलेला असतो. सवलत मिळत असेल तर स्वतः भागाकार करा. फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

दुसरी चूक: बिलाची शेवटची ओळ

ॲपवर वस्तूचा भाव वर दिसतो आणि बाकीचे आकार सगळ्यात खाली. डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरचा आकार, कधी पावसाचाही. समजा, २२० रुपयांच्या ऑर्डरवर २५ + १० + २० असे ५५ रुपये लागले, तर ते झाले २५ टक्के! तेच २,५०० रुपयांच्या ऑर्डरवर फक्त हँडलिंगचे १० रुपये लागले, तर अर्धा टक्कासुद्धा नाही.

म्हणजे ॲपवर एकदम मोठी ऑर्डर परवडते. पण ॲपची सगळी रचना आपल्याला दिवसातून दोनदा छोटी ऑर्डर करायची सवय लावते. नोटिफिकेशन, संपत आलेली ऑफर, 'फ्री डिलिव्हरीसाठी अजून ४९ रुपयांचं घ्या' हे सगळं त्यासाठीच. मी स्वतः प्रॉडक्ट टीममध्ये काम करतो. एखादं बटण कुठे ठेवल्यावर लोक जास्त दाबतात, यावर आमच्याकडेही तासन्‌तास मीटिंगा होतात. तुमच्या अंगठ्याची सवय योगायोगाने पडलेली नसते.

यातल्या काही युक्त्या आता नियमाच्या कचाट्यात आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात १३ प्रकार सांगितले. किराण्यात हे चार लक्षात ठेवा :

- खोटी घाई : 'फक्त २ शिल्लक' असं सांगून घाबरवणं.
- न विचारता टोपलीत टाकणं : देणगी किंवा एखादी वस्तू आपोआप बिलात येणं.
- थेंबाथेंबाने किंमत वाढवणं : पूर्ण रक्कम अगदी पैसे भरताना कळणं.
- लपलेली जाहिरात : पैसे घेऊन वर आणलेला ब्रँड, पण जाहिरात असल्याचं न सांगणं.

जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. तरी असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा.

मार्ट स्वस्त कसं देतं?

यात जादू नाही. डी-मार्टचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान, तेव्हापासून धोरण साधंच : मोठा माल एकदम घ्यायचा, पुरवठादाराचे पैसे लवकर द्यायचे, जमेल तिथे दुकानाची जागा स्वतःच्या मालकीची ठेवायची, आणि वाचलेल्या पैशातून भाव कमी ठेवायचा. काकांना माल वितरकाकडून येतो, तोही दोन-दोन बॉक्स. साबण आणि डिटर्जंटमध्ये ते मार्टला गाठू शकत नाहीत, हे तेही मान्य करतात.

पण मार्टचा खर्च बिलाबाहेर असतो. जाण्या-येण्याचं पेट्रोल, गेलेला अर्धा रविवार, आणि यादीत नसलेलं सामान. माझ्या तीन महिन्यांच्या बिलांत यादीबाहेरच्या वस्तू दर वेळी निघाल्या. बिस्किटं, प्लास्टिकचे डबे, एकदा तर चक्क पायपुसणं. शीटमध्ये मी फक्त यादीतल्या वस्तूंची तुलना केली होती, म्हणून बचत भरपूर दिसत होती. घरातून प्रत्यक्ष गेलेले पैसे मोजले तेव्हा ती बरीच आटली. उरली ती मुख्यतः साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट आणि मोठ्या पॅकमध्ये.

आणि तो बग

उकड्याच्या प्रसंगानंतर काकांना विचारलं, "काका, आम्ही साखर-तेल दुसरीकडून घेतलं म्हणून उकडा का बंद व्हावा?"

ते म्हणाले, "साखर-तेलात मला काय सुटतं रे? पण त्याच्यासाठी माणूस दुकानात येतो. आला की हळद नेतो, कुळथाचं पीठ नेतो, आमसुलं नेतो. आता तो येतच नाही. आला तर रात्री नऊला, दह्याच्या विरजणाला दूध नाही म्हणून."

ॲपचं सॉफ्टवेअर जुन्या ऑर्डरवरून साठा ठरवतं. काकांचं सॉफ्टवेअर म्हणजे आमची यादी. दर महिन्याच्या पाच तारखेला आईची चिठ्ठी गेली, की त्यांना कळायचं, या आळीत किती पोती लागणार. दहा-बारा घरांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या आणि पोतं परवडेनासं झालं. मी ३४ वस्तूंचे भाव स्वतंत्र ओळींत लिहिले होते. प्रत्यक्षात त्या ओळी एकमेकींना बांधलेल्या होत्या.

आणि दुकानातून आपण फक्त वस्तू घेत नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल नेटवर्क, दोन्ही झोपवलं. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं. अशा वेळी यूपीआय नाही, एटीएम नाही. यूपीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, आणि ते तंत्रज्ञान मला मनापासून आवडतं. पण टॉवर बंद असेल तेव्हा 'लिहून ठेवा काका' एवढंच चालतं. ती वही अनोळखी माणसाला उघडत नाही. वर्षातून एकदा, तेही संकटात येणाऱ्याला तर नाहीच.

माहितीचंही तसंच. आजीला साखर चालत नाही, हे काकांना माहीत आहे आणि ॲपलाही ऑर्डरींवरून कळू शकतं. काका तिला हळूच सांगतात, "आजी, श्रीखंड नको हां." ॲपचा धंदा अजून काहीतरी विकण्यावर चालतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असले, तरी त्यांची पूर्ण अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. तोवर ॲपला लोकेशन 'फक्त वापरताना' एवढंच द्या आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारा.

मग मी काय ठरवलं?

सगळं काकांकडूनच घ्या, असं मी म्हणणार नाही. काकांचीही एक बाजू कच्ची आहे. काही वेळा पाकीट तारीख न बघता येतं आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. दोन्ही मागायचा आपल्याला हक्क आहे. आमच्या घरी आता असं चालतं :

१. साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट : तीन महिन्यांतून एकदा मार्टमधून, युनिट भाव बघून. यादी कागदावर, टोपली छोटी.

२. तांदूळ, डाळी, साखर, तेल, मसाले, कुळीथ : काकांकडून, दर महिन्याला, एकदम. आईची चिठ्ठी आता व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून जाते. पैसे यूपीआयने, सामान दुपारपर्यंत घरी.

३. गावात न मिळणारं : ऑनलाइन, पण महिन्यातून एकच ऑर्डर. वस्तू कार्टमध्ये टाकून दोन दिवस तशीच ठेवायची. बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी ती नकोशी वाटते.

४. भाजी आणि मासे : बाजारातून, हातात घेऊन. यात अंगठ्याचं काम नाही.

या पद्धतीत आमचे महिन्याला थोडे पैसे जास्त जातात. रक्कम मी शीटमध्ये वेगळ्या ओळीत लिहितो आणि त्या ओळीला नाव दिलंय 'वही'. ती मला जास्त वाटली, तर परत विचार करेन. अजून वाटलेली नाही.

तुम्ही शीट बनवणार असाल, तर भावासोबत वजन, सगळे आकार आणि यादीबाहेरचा खर्च हे तीन कॉलम नक्की ठेवा. तीन महिने प्रामाणिकपणे भरा आणि मगच आईला लॅपटॉप दाखवा.

राहिला उकडा. मी आळीतल्या चार घरांत विचारलं. तिघांना हवा होता, पण 'काका ठेवत नाहीत' म्हणून ते मागतच नव्हते. चार घरांची मिळून महिन्याची किलोंची गरज काकांना लिहून पाठवली. त्यांनी उत्तर पाठवलं नाही, ब्लू टिक तेवढी आली. पुढच्या आठवड्यात दुकानात अर्धं पोतं उघडं होतं.