चवदार तळ्याच्या वाटेवरूनच तारकर्लीला



मे महिना लागला की आमच्या हातखंबा तिठ्यावर गाड्यांची रीघ लागते. काही रत्नागिरीकडे वळतात. बाकीच्या पाली, लांजा, राजापूर, कणकवली करीत कसालवरून मालवणला उतरतात. त्या गाड्यांतल्या पोरांना कुठे निघालात म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले, "स्कुबाला!" म्हणजे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळाशी जायला.

अलीकडे या गाड्यांत आपलीही माणसे दिसतात. मुंबई-पुण्याला नोकरी करणारी, जयंतीची वर्गणी वेळेवर देणारी मुले-मुली चार दिवस तारकर्ली-देवबागला राहून येतात. त्यावरून वाडीवाडीत दोन तट पडले आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, "कमावलेला पैसा अक्षरशः पाण्यात घालायचा! त्यापेक्षा पोरांच्या शिक्षणाला लावा." तरुण म्हणतात, "दुसऱ्यांनी मजा केली तर ती हौस, आणि आम्ही केली तर उधळपट्टी का?"

आमचे मत स्पष्ट आहे. कर्ज न काढता जमत असेल तर जरूर जावे. मात्र आधी पोहायला शिकावे, आणि जिथे उतरायचे त्या पाण्याची माहिती करून घेऊन जावे. ज्याला पोहता येत नाही त्यालाही तिथे वाटाड्याच्या हाताला धरून खाली नेतात, हे खरे. पण होडी उलटली तर तो हात कुठे असेल?

आता जरा विचार करा. कोकणात पाण्याला तोटा नाही. नद्या आहेत, पऱ्ये आहेत, खाड्या आहेत. तरी आपल्या वाड्यांत चांगले पोहणारे बोटावर मोजण्याइतके का? कारण गावचे तळे, देवळामागची विहीर, नदीचा चांगला डोह हे सारे दुसऱ्यांच्या ताब्यात. आपल्या वाट्याला यायचा तो सगळ्यात खालच्या अंगाचा पाणवठा. ज्या पाण्याला नुसता हात लावला तरी मार पडायचा, त्या पाण्यात पोराला ढकलून "हात मार, पाय मार" म्हणून शिकवणार कोण? पोहणे बापाकडून पोराकडे येते. बापालाच पाणी बंद, तर पोराने कुठून शिकावे?

आमच्या तिठ्यावरून जाणारा हाच मुंबई-गोवा रस्ता वर उत्तरेला महाडला जातो. मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्याच वर्षी तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागद झाला, पाणी काही मिळाले नाही. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेब हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यानंतर आपल्या माणसांना मारहाण झाली, तळे गोमूत्र आणि शेणाने 'शुद्ध' करण्यात आले. प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! तेव्हा आपली एखादी मुलगी मालवणच्या समुद्रात तीस फूट खाली उतरते, त्याला आम्ही चोचले म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांची गोष्ट याहून वेगळी नाही. तिथे पोहण्याचे तलाव गोऱ्यांसाठी राखीव असत. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी जून 1964 मध्ये काळे आणि गोरे कार्यकर्ते मिळून एका हॉटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात अॅसिड ओतले. ते छायाचित्र जगभर गेले. पण त्याच्याही आधी, 1959 साली, अल्बर्ट होजे जोन्स नावाच्या काळ्या पाणबुड्याने वॉशिंग्टनला स्कुबाचा क्लब काढला होता. पुढे 1991 मध्ये काळ्या पाणबुड्यांची देशव्यापी संघटनाच उभी राहिली.

या मंडळींनी पाण्याखाली नुसती मौज केली नाही. 'हेन्रिएटा मेरी' नावाचे गुलामांचा व्यापार करणारे इंग्रज जहाज जमैकात माणसे विकून परतताना 1700 साली फ्लोरिडाजवळ बुडाले होते. ते सापडले 1972 मध्ये. योगायोग असा की, आपल्याकडे त्याच वर्षी दलित पँथर जन्माला आली. त्या जहाजाच्या जागी, समुद्राच्या तळाशी, या काळ्या पाणबुड्यांनी आपल्या पूर्वजांच्या नावाने स्मृतिशिला बसवली आहे. हौस म्हणून शिकलेली विद्या इतिहासाच्या कामी आली, ती अशी.

आता मालवणकडे वळू. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे आम्हाला वाटत नाही. पण पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे आहेत, ते पाहायलाच लोक येतात. शांतता हवी असेल तर मालवण शहरात न राहता तारकर्ली किंवा देवबागला राहावे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. घरगुती राहण्याजेवणाची सोय मिळते. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि स्कुबा शिकवणारी संस्थाही तारकर्लीलाच आहे. खर्चाचा हिशेब करताना एवढे ध्यानात ठेवा की, 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. पावसाळ्यात हे सर्व बंद असते. नितळ पाणी पाहायचे तर मेपेक्षा डिसेंबर-जानेवारी बरा.

पाठीवरच्या नळकांड्यात शुद्ध ऑक्सिजन असतो असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट खाली गेलात की अंगावरचा दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. म्हणून पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरून श्वास धरून वर धावणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. कान दुखू लागले तर नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची, तरीही दुखले तर खाली जाणे थांबवायचे. खाली बोलता येत नाही, खुणा कराव्या लागतात. आपण अंगठा वर केला की "छान" समजतो. पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर न्या" असा होतो! "ठीक आहे" म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदर भगिनींनी तर नाहीच. परतीचे विमान असेल तर मध्ये किमान अठरा तास जाऊ द्यावेत. दारू पिऊन तर पाण्यात पाऊलही टाकू नये. पंचशील घेतलेल्याला हे वेगळे सांगायला नको, पण किनाऱ्यावर जे दिसते त्यावरून सांगावे लागते.

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी वीस पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. ध्यानात घ्या, संकट पाण्याखाली आले नाही, होडीत आले. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर चढल्याशिवाय होडीत बसू नका. होडीत किती माणसे बसवायची परवानगी आहे, ते विचारा. वाटाड्याचे प्रमाणपत्र पाहायला मागा. "एवढे काय विचारता?" असे तो म्हणाला तर पैसे परत घेऊन निघून या. स्वस्त मिळते म्हणून जीव टांगणीला लावू नये.

खाली गेल्यावर प्रवाळाला हात लावू नये, त्यावर पाय देऊ नये. तो दगड नाही, जीव आहे. शिवाय कायद्याने संरक्षित आहे, तुकडा उचलून आणणे गुन्हा आहे. मासे जमावेत म्हणून काही ठिकाणी पाव, बिस्किटे टाकतात, तेही नको म्हणून सांगावे.

राहिला प्रश्न पोहण्याचा. दिवाळी झाली की पाण्याचा जोर ओसरतो, सुट्टीही असते. त्या दिवसांत शिकवण्याचा आमचा विचार आहे. मुलींना शिकवायला भगिनीच हव्यात, नाहीतर आया पाठवणार नाहीत. पट्टीचे पोहणारे किंवा सैन्यातून, नौदलातून निवृत्त झालेले कोणी बंधू-भगिनी आठ-दहा दिवस देऊ शकत असतील, तर त्यांनी आपले नाव आणि गाव साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. दोरखंड, हवा भरलेल्या ट्यूब आणि चहा-नाश्ता यांची सोय आम्ही करू.