नियम हलका, डबा जड

जपानहून आल्यावर पहिल्याच रविवारी बस्तीत गेले. अभिषेक आटोपून बायका बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. 'जय जिनेंद्र' झालं आणि पहिला प्रश्न आला, "खायचं काय केलंत हो तिकडं?" दुसरा प्रश्नही तोच, जरा वेगळ्या शब्दांत. "सगळा माशांचाच देश तो. वास नाही आला?" तिसरीनं विचारलं, "महाराज होता ना बरोबर?"

हा महाराज म्हणजे मुनी नव्हे हं. टूरवाल्यांच्या भाषेत महाराज म्हणजे आचारी. जो शब्द ऐकून आपले हात आपोआप जोडले जायचे, तो ऐकून आता आपल्याला पावभाजी आठवते. आपलं काय बिनसलंय ते सांगायला खरं तर एवढं पुरे. पण कट्ट्यावर मी नुसती हसले आणि घरी आले. तेव्हा राहिलेलं आता लिहिते.

आम्ही सहा मैत्रिणी. एकाच कॉलेजात बी. ए. केलं, संसार केले, आता सगळ्यांची पन्नाशी उलटली. कार्तिकातली अष्टाह्निका झाली, चातुर्मास उठला आणि निघालो. जपानात नोव्हेंबरच्या शेवटी मेपलची झाडं लाल होतात, ती बघायची होती. जाहिरातीत फुजी पर्वताच्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत होतं, 'शुद्ध जैन भोजनाची हमी'. पैसे भरताना घरच्यांनी आधी तीच ओळ वाचली. खोटं कशाला बोलू, मीही वाचली.

निघताना बॅगा वजनकाट्यावर ठेवल्या. 23 किलोतले 9 किलो खाणं. शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, चिवडा, लाडू, लोणचं, उपम्याचं पीठ आणि एक छोटी इंडक्शन शेगडी. वर बरोबर आचारी होताच.

आता एक गोष्ट उघडपणे सांगते, राग आला तरी चालेल. आमच्या बसमधल्या निम्म्याअधिक बायकांच्या घरी चार महिने सोडले तर कांदा-बटाटा चालतो. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत चालतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण विमानतळावर पाऊल ठेवलं आणि सगळ्या कडक जैन झाल्या. 'जैन' म्हटलं की वेगळं ताट मिळतं, गरम मिळतं, आधी मिळतं. घरी जो नियम आपल्याला काही सोडायला लावतो, तोच नियम परदेशात आपण दुसऱ्याकडून काही मागून घ्यायला वापरतो. माझं भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

टोकियोत दुसऱ्या सकाळी आमच्या खोलीत उपमा झाला. खोलीत शिजवू नये असा फलक दारामागं होता, इंग्रजीतही होता. फोडणी तडतडली आणि धुराची घंटा सुरू झाली. सगळा मजला जिन्यानं खाली. नोव्हेंबरच्या थंडीत म्हातारी माणसं अंगावर मिळेल ते पांघरून रस्त्यावर उभी. हॉटेलचा तरुण नोकर आम्हालाच वाकून वाकून 'माफ करा' म्हणत होता. पातेल्यावर झाकण मी धरलं होतं, म्हणून मला दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवता येत नाही. त्या उपम्यात कांदा नव्हता, लसूण नव्हता. अहिंसा होती का? थंडीत कुडकुडणारी ती म्हातारी माणसं 'जीव' या शब्दात बसत नाहीत का?

जपानात खाण्याची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. तिथल्या बहुतेक सूपांचा पाया वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी, दाशी. भाजी दिसते पण ती दाशीत शिजलेली असते. विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नये. पण आपण ज्या देशाला 'सगळं खाणारे' म्हणून नाक मुरडतो, त्याची थोडी माहिती तरी घ्या. इसवी सन 675 मध्ये तिथल्या तेम्मू सम्राटानं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली होती, चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत. चातुर्मासाची आठवण येते की नाही? मासे त्यातून सुटले, तरी पुढंही मांसाबद्दलचा संकोच शतकानुशतकं राहिला. त्यांच्या मठांत आजही 'शोजिन र्‍योरी' नावाचा स्वयंपाक होतो. मांस नाही, मासे नाहीत, कांदा नाही, लसूणही नाही. तेराव्या शतकात दोगेन नावाच्या भिक्षूनं मठातल्या आचाऱ्यासाठी एक पुस्तकच लिहिलं, 1237 साली. स्वयंपाक हीसुद्धा साधना आहे, हे त्याचं म्हणणं. त्या जेवणात मुळा, कमळकंद अशी कंदमुळं असतात, म्हणून ते सगळं आपल्याला चालत नाही. पण आपल्यासारखाच विचार करणारं कुणीतरी समुद्रापलीकडं आहे, हे कळायला काय हरकत होती? आमच्या बसला ते कळलं नाही, कारण बस त्या वेळी भारतीय हॉटेल शोधत होती.

आता क्योतोची संध्याकाळ सांगते. नोव्हेंबरच्या शेवटी तिथं पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आमच्या सहाजणींत दोघींना रात्रिभोजनत्याग आहे, खराखुरा, वीस वर्षांचा. टूरचं जेवण साडेसहाला, तेही पाऊण तास लांब. अक्का म्हणाली, "तुम्ही जा, आम्ही दोघी काहीतरी बघतो." आम्ही उरलेल्या चौघींनी ठरवलं, आज यांच्याबरोबर जायचं.

चार वाजता एका छोट्या दुकानात शिरलो. जपानीत लिहून घेतलेला कागद पुढं केला: मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, कंद नको, माशाचं पाणीही नको. दुकानवालीनं तो दोनदा वाचला. टोफू उकळताना खाली समुद्रातल्या शेवाळाची पट्टी घालतात, ती तिनं आणून दाखवली. आम्ही मान हलवल्यावर टोफू नुसत्या पाण्यात उकळून आणलं. बरोबर पांढरा भात. आम्ही पर्समधून मीठ आणि शेंगाचटणी काढली. शेवटी पिकलेली जपानी फळं, पर्सिमन, टोमॅटोसारखी दिसणारी आणि चिकूइतकी गोड. साडेचारला जेवण संपलं. दोघींनी पाणी पिऊन त्याग घेतला. मग आमच्यापुढं अख्खी संध्याकाळ मोकळी!

एईकान्दो देवळाच्या बागेत साडेपाचला दिवे लागले. तळ्याकाठची लाल झाडं पाण्यात उतरली होती, वर जितकी तितकीच खाली. हजारो माणसं आणि तरी आवाज बेताचा. अक्का कठड्याला धरून उभी होती. बराच वेळानं म्हणाली, "अनित्य भावना आपण नुसती पाठ म्हणतो गं." झाडावरून एक पान सुटलं आणि पाण्यातल्या पानाला जाऊन मिळालं. मला त्यावर काही बोलावंसं वाटलं नाही.

त्याच वेळी आमची बस कुठं होती? भारतीय हॉटेलात. जैन पनीर, जैन मंचुरियन. पोट भरलं, पण झाडं बघायची राहिली. लाखांनी पैसे भरून या बायकांनी क्योतोत जे खाल्लं, ते बेळगावच्या कुठल्याही हॉटेलात मिळतं.

नीट लक्षात घ्या. ज्या दोघींचा नियम सगळ्यांत कडक, त्यांनाच सगळ्यांत जास्त बघायला मिळालं. नियमाचं कधी ओझं होत नसतं. नियम सोडायला सांगतो आणि जो सोडतो तो मोकळा होतो. ओझं होतं चोचल्यांचं, आणि त्या चोचल्यांना आपण धर्माचं नाव देतो.

आपल्या शास्त्रात बाह्य तपं सहा सांगितली आहेत. त्यांतली पहिली चार जेवणाशीच बांधलेली: अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग. न खाणं, कमी खाणं, मिळण्यावर अट घालणं, चव सोडणं. मुनी मनात विधी धरून आहाराला निघतात. तो मिळाला नाही तर उपाशी परततात, पण तक्रार करत नाहीत. आपण त्यांचा आहार बघायला गर्दी करतो, डोळे पुसतो आणि क्योतोत जैन पनीरमध्ये मीठ कमी पडलं म्हणून टूरच्या पोराला रडवतो. जगात कुठंही आपली हवी ती भाजी हवी त्या वेळी मिळालीच पाहिजे, असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय ते मला दाखवा.

आमच्यातलीच एक परतताना चिडून म्हणाली, "अगं, आम्ही जन्मभर रांधलं. दहा दिवस आयतं गरम मिळालं तर तुझं काय बिघडलं?" हा प्रश्न खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. जिनं तीस वर्षं सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाल्लं, तिला आयतं ताट मिळालंच पाहिजे. पण बायांनो, दहा दिवस स्वयंपाकघरातून सुटका झाली आणि आपण काय केलं? बसमध्ये बसून आज काय आहे, उद्या काय आहे, काल काय बिघडलं, एवढंच बोललो. म्हणजे स्वयंपाकघर आपण डोक्यात घेऊनच फिरलो. मग सुटका झाली कुणाची?

आणि ज्या वृद्ध आहेत, आजारी आहेत, प्रतिमाधारी आहेत, त्यांच्यासाठी आचारी जरूर न्यावा. हे बोलणं त्यांच्यासाठी नाही. ते त्यांच्या नावाआड लपणाऱ्या आपल्यासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी र्‍योआन्जीला गेलो. वाळूत मांडलेले 15 दगड, आणि कुठूनही बसून बघा, सगळे एकदम दिसत नाहीत. अनेकान्त समजावायला याहून सोपं काही नसेल. पण मला राहिलं ते मागच्या बाजूचं पाण्याचं दगडी भांडं. नाण्यासारखं गोल, मधे चौकोनी पाणी. चार बाजूंना चार अक्षरं कोरलेली, पण प्रत्येक अर्धीच. मधला चौकोन धरला की चारही पुरी होतात. अर्थ असा की पुरेसं म्हणजे किती, एवढं मला कळतं. आपलं परिग्रहपरिमाण व्रत, दुसरं काय! आणि तो मधला चौकोन हेही त्यांच्या लिपीतलं एक अक्षरच. त्याचा अर्थ तोंड.

आमच्या बसमधल्या बऱ्याच बायका मागं आल्याच नाहीत. गाडीतळावर डबे उघडले होते.

पुढच्या वर्षी महिला मंडळाची सहल निघेल तेव्हा मी तीन गोष्टी मांडणार आहे. वेळापत्रक रात्रिभोजनत्याग असलेल्या बायकांच्या सोयीनं लागेल, बाकीच्यांनी त्यांच्याबरोबर जेवायचं. खाणं दोन किलोच्या वर न्यायचं नाही. आणि जिथं जाऊ तिथल्या भाषेत आपलं काय चालतं, काय चालत नाही हे लिहिलेला कागद प्रत्येकीच्या पर्समध्ये असेल, म्हणजे तिथल्या माणसांशी निदान दोन शब्द तरी होतील. विरोध होईल, होऊ दे.

परत आल्यावर कट्ट्यावर कुणीतरी विचारेलच, "खायचं काय केलंत?" तेव्हा म्हणायचं, "भागलं." आणि मग झाडांबद्दल सांगायला लागायचं.