मान का वळवली, ते आधी विचारा

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणत होती. मनाई झाली, तरी मुलांनी गाणं सोडलं नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचलं आणि शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना जागा दिली म्हणून अनेकांचं शिक्षण पुरं झालं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. कोणतं गाणं म्हणायचं हे निजामाचं सरकार ठरवत होतं आणि कॉलेजातली पोरं त्याला नाही म्हणत होती.

नांदेड-लातूरकरांना राष्ट्रगीताची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा निजामाच्या राज्यात तिरंगा लावणाऱ्याला तुरुंगात जावं लागत होतं. आज नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ त्याच दिवशी अटकेत गेले. इथे स्वातंत्र्य आलं तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यामुळे राष्ट्रगीत चालू असताना कुणी खेळाडू गुडघा टेकतो हे पाहून इथल्या जुन्या माणसाच्या पोटात कालवतं. ते दुःख खरं आहे.

पण त्या खेळाडूंकडेही नीट पाहायला हवं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस २०० मीटरची पदकं घ्यायला बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर उभे राहिले. आपल्या लोकांची गरिबी जगाला दिसावी म्हणून. राष्ट्रगीत वाजताना काळा हातमोजा घातलेली मूठ वर, मान खाली. दोघांनाही संघातून काढून परत पाठवलं. त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट व्हेरा चास्लाव्स्का हिने सोव्हिएत राष्ट्रगीत वाजताना मान खाली घालून दुसरीकडे वळवली. दोनच महिन्यांपूर्वी तिच्या देशात सोव्हिएत रणगाडे घुसले होते. त्या मान वळवण्याची किंमत तिने मायदेशी पुढे कित्येक वर्षं मोजली. औरंगाबादच्या त्या पोरांना ती वळवलेली मान लगेच कळली असती. २०२२ मध्ये कतारला इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी इराणचे फुटबॉलपटू राष्ट्रगीताला ओठ मिटून उभे राहिले, तेही घरी आंदोलनात माणसं मरत होती म्हणून.

यांपैकी कुणीही गीत बंद पाडलं नाही. आपला कायदाही हाच फरक ओळखतो. १९७१ चा कायदा राष्ट्रगीत मुद्दाम रोखणाऱ्याला आणि ते गाणाऱ्यांच्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा सांगतो. केरळमधल्या तीन मुलांना गीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहत होती, एवढं पुरे, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं.

भारतीय कुस्तीगीर तर त्याच्याही अलीकडे थांबले. लैंगिक छळाविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया यांनी राष्ट्रगीताला धक्काही लावला नव्हता. २८ मे २०२३ ला पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं, तेव्हा तिरंगा त्यांच्या हातात होता. तरी त्यांच्या देशप्रेमावर शंका घेणारे निघालेच! म्हणजे खेळाडू कसा उभा राहिला हा प्रश्न नव्हताच. तो बोलला, हेच अनेकांना खुपलं.

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला भारताचा तिरंगा धरणाऱ्या दोघांपैकी एक होती मुखेड तालुक्यातली गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. तिच्याकडे पाहून आज नांदेड-लातूरच्या मैदानांवर मुली येताहेत. त्यांच्यापैकी कुणावर उद्या अन्याय झाला तर तिने कुठे जायचं? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्टेडियम, क्रीडासंकुल, प्रशिक्षण संस्था यांनाही कामाचं ठिकाण मानतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक संकुलात, अकादमीत आणि तालमीत या समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर दर्शनी भिंतीवर, मोठ्या अक्षरांत लागले पाहिजेत. येत्या १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाआधी.