बंद न पडणाऱ्या यंत्राची चूक

मी बँकेत रुजू झालो तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. लेजरांची तेरीज जनरल लेजरशी जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. फरक एक रुपयाचा असो वा एक हजाराचा, शोध सारख्याच निष्ठेने चाले. फरकाला नऊने निःशेष भाग गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, म्हणजे ५६१ च्या जागी ५१६ लिहिले गेले असावेत. फरक सम असला, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद नावेऐवजी जमेस पडली असावी, असे आमचे आडाखे असत. आमचे हेड क्लार्क एक गोष्ट मात्र कधीही खपवून घेत नसत. फरक शोधताना एकाच वेळी दोन नोंदी कोणी दुरुस्त करावयाच्या नाहीत. कारण मग बेरीज जुळली तरी ती कशामुळे जुळली, हे कोणालाच सांगता येत नसे.

ही शिस्त निवृत्तीनंतर भाच्याच्या संगणकासाठी उपयोगी पडेल, असे मला कधी वाटले नव्हते.

माझा भाचा सांगलीत वास्तुरचनेची कामे करतो. बांधावयाच्या बंगल्याचे हुबेहूब देखावे तो संगणकावर तयार करतो. एकेक देखावा पूर्ण होण्यास सहा-सहा तास लागतात. म्हणून तो रात्री यंत्र चालू ठेवून झोपतो. गेल्या हिवाळ्यात त्याने या संगणकाच्या प्रोसेसरचा वेग कारखान्याने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढविला. यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा खटाटोप जुना आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला, तेव्हा हौशी लोकांनी त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळविला. साडेचारपटीचा गुणक कायम, केवळ मूळ आकडा बदललेला. कमी पैशांत महागड्या मालाचा वेग मिळतो म्हटल्यावर मोह कोणास होणार नाही?

भाच्याच्या यंत्रात सहा कोअर असून सर्व एकदम कामास लागले की कारखान्याच्या नियमाप्रमाणे ते ४.३ गिगाहर्ट्‌झवर धावतात. त्याने ते ५.० वर नेले. हिवाळाभर सारे सुरळीत होते. एप्रिल उजाडला आणि सकाळी उठून पाहावे तो यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालेले, देखावा अर्धवट. कधी तर भारी काम नसताना, नुसता ई-मेल वाचताना निळा पडदा येई. प्रत्येक वेळी त्याने एकच उपाय केला. प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब थोडा वाढवावयाचा. १.३० व्होल्टचे १.३२ झाले, मग १.३५. तापमान पंचाण्णव अंशांपलीकडे गेले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर फरक सापडत नाही म्हणून तो रक्कम उचंत खात्यात टाकीत होता.

मे महिन्यात मी त्याच्याकडे राहावयास गेलो, तेव्हा तो दोन रात्री झोपला नव्हता. एका घरमालकास देखावे द्यावयाची मुदत टळून गेली होती. मी विचारले, ‘‘तू नेमके काय काय बदललेस?’’ त्यास सांगता येईना. गुणक, विद्युतदाब, भार पडताच दाब किती सावरावा याची पातळी, रॅमचा वेग, सारे एकाच दुपारी बदलले होते आणि लिहून काहीच ठेवले नव्हते. मी दोनशे पानी वही मागविली. तो हसला, पण त्याने ती आणली.

पहिल्या दिवशी सर्व बदल मागे घेतले. येथे एक सावधगिरी हवी. मदरबोर्डच्या बायोसमध्ये ‘मूळ मांडणी’ निवडली म्हणजे प्रोसेसर कारखान्याच्या मर्यादेत आला असे नव्हे. काही मदरबोर्ड आपल्या मूळ मांडणीतच सर्व कोअर एकदम कमाल वेगावर नेण्याची सोय चालू ठेवतात. ती आम्ही हाताने बंद केली. रात्रभर देखाव्याचे काम लावले. सकाळी ते पूर्ण झालेले होते. म्हणजे यंत्राचे भाग बहुधा धड होते, दोष वाढविलेल्या आकड्यांत होता.

मग रॅम. भाच्याचे म्हणणे, रॅमचा संशय कशाला, तिच्या पाकिटावरच ३२०० लिहिले आहे. पण पाकिटावरचा हा वेग एक्सएमपी नावाच्या मांडणीने मिळतो आणि तो रॅमच्या उत्पादकाचा दावा असतो. प्रोसेसरच्या उत्पादकाने रॅमसाठी दिलेली हमी २६६६ एवढीच होती. चारही खाचांत पट्ट्या बसविल्या की प्रोसेसरमधील रॅम-नियंत्रकावरचा भार आणखी वाढतो. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू केला. तो रॅममध्ये ठरावीक आकृत्या लिहितो आणि परत वाचून पडताळतो. ३२०० वर दुसऱ्या फेरीत चुका दिसल्या. लिहिलेले आणि वाचलेले यांत एका बिटाचा फरक होता. एक बिट! आमच्या एक रुपयाच्या फरकाचेच हे भावंड. २९३३ वर चार फेऱ्या निर्दोष गेल्या. अर्धा गुन्हेगार असा सापडला, आणि इतके दिवस त्याची शिक्षा बिचारा प्रोसेसर भोगीत होता.

राहिला प्रोसेसर. रॅम पुन्हा २६६६ वर ठेवली, म्हणजे तिच्याकडे बोट दाखविण्यास जागा नको. विद्युतदाब पूर्ववत १.३० व्होल्ट. परीक्षेसाठी प्राइम९५ वापरला. हा मूळचा परीक्षेचा प्रोग्रॅम नव्हे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधाचा उपक्रम सुरू केला, त्यासाठी तो लिहिला गेला. प्रचंड संख्यांच्या गुणाकारांत संगणक चुकू शकतो, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. म्हणून प्रोग्रॅम आपली गणिते पदोपदी तपासतो. उत्तर पूर्णांकापासून फार दूर गेले की ज्या कोअरवर चूक झाली तेथील काम थांबवितो, बाकीचे चालू ठेवतो.

५.० वर सुमारे चाळीस मिनिटांनी पडद्यावर एक ओळ लाल झाली. पूर्णांकनातील फरक ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होता, तो ०.५ निघाला. भाचा आनंदाने म्हणाला, ‘‘मामा, पाहा, संगणक बंद पडला नाही!’’

मी त्यास म्हणालो, ‘‘अरे, हीच तर भीतीची गोष्ट आहे.’’ बंद पडणारे यंत्र निदान आपली हार कबूल करते. हे यंत्र चुकीचे उत्तर देऊन पुढच्या कामास लागले होते. विंडोजच्या घटना-नोंदवहीत पाहिले तर डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाखाली मागील दोन महिन्यांत ‘दुरुस्त केलेली हार्डवेअर चूक’ अशा कित्येक नोंदी होत्या. चूक दुरुस्त झाली हे खरे, पण कोणताही तपासनीस अशी खाडाखोड पाहून पुढचे पान उलटणार नाही.

असे केवळ हौशी लोकांचेच होते असे नाही. इंटेलने स्वतः २००० साली १.१३ गिगाहर्ट्‌झचा पेन्टियम ३ बाजारात आणला. काही समीक्षकांच्या हाती तो लिनक्सचा गाभा कंपाइल करताना अडखळू लागला. त्यांनी तसे लिहिले आणि ऑगस्टमध्ये कंपनीने तो मागे घेतला. वेगाची शेवटची पायरी गाठताना कारखान्याचाही पाय घसरतो. आपण तर दिवाणखान्यात बसून प्रयोग करतो.

हिवाळ्यात चालले ते उन्हाळ्यात का चालेना, हे भाच्याने विचारले. पंखा प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच तापतो. तापलेल्या प्रोसेसरला त्याच वेगासाठी अधिक दाब लागतो, दाब वाढविला की उष्णता वाढते. चक्रवाढच म्हणा ना! प्रोसेसरचा धावतानाचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मी वहीत मांडून दाखविले. १.२० व्होल्ट आणि ४.३ वरून १.३५ व्होल्ट आणि ५.० वर गेल्यास वेग सोळा टक्के वाढतो, वीज मात्र सत्तेचाळीस टक्के. आणि लाभ? सहा तासांचे काम फार तर पाच तास दहा मिनिटांत होणार. ती पन्नास मिनिटे वाचत होती भाचा झोपेत असताना! एक देखावा अर्धवट राहिला की सहा तास जाणार, ते वेगळेच. कर्जाचा असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी शेरा काय मारला असता, हे वाचकांना सांगावयास नको.

पुढील चार रात्री एकेक आकडा बदलत गेलो. ४.८ गिगाहर्ट्‌झ, १.२५ व्होल्ट यावर परीक्षा रात्रभर निर्दोष चालली आणि घटना-नोंदवहीत नवी नोंद पडली नाही.

येथे हे प्रकरण मिटावयास हरकत नव्हती. पण एक गोष्ट मला टोचत होती. भाच्याने मार्चमध्ये आपल्या सहा वर्षांच्या नकाशांच्या झिप फाइली याच यंत्रावर करून ठेवल्या होत्या आणि जागा हवी म्हणून काही मूळ फाइली पुसल्या होत्या. मी म्हणालो, त्या तपासल्या पाहिजेत. आणि या यंत्रावर नव्हे, माझ्या लॅपटॉपवर. झिप फाइल स्वतःची बेरीज स्वतः तपासते, पण आशय रॅममध्ये आधीच बिघडून मग बेरीज घेतली गेली असेल, तर चुकीच्या रकमेची बेरीज अगदी बरोबर येते! म्हणून ज्यांच्या मूळ प्रती जुन्या डिस्कवर होत्या, त्यांचे एसएचए-२५६ आकडे काढून झिपमधील प्रतींशी ताडून पाहिले. संपूर्ण दिवस गेला. तीन फाइली बिघडलेल्या निघाल्या. दोहोंच्या मूळ प्रती जुन्या डिस्कवर होत्या. तिसरी फाइल उघडण्याच्या वेळीच बेरीज चुकल्याचे सांगून बंद झाली आणि तिची मूळ प्रत पुसलेली होती. मूळ प्रतच नसलेल्या इतर फाइलींचे काय, हा प्रश्न आम्ही वहीत तसाच लिहून ठेवला आहे. बेरीज जुळते, एवढेच त्यांच्याविषयी म्हणता येते.

तिसरी फाइल मिरजेच्या एका घराची होती. घर बांधून झाले होते, पण मालक आता वरचा मजला चढविणार होते आणि कोणत्या खांबात किती सळई आहे, हे त्या नकाशांत होते. भाचा अवघडला. मी म्हणालो, छापील संच मालकांकडे असेलच, जाऊन सरळ काय झाले ते सांग. तो गेला. मालकांनी कपाटातून गुंडाळी काढून दिली आणि चहाही दिला. त्या बारा पानांवरून तो आता नकाशे पुन्हा काढीत आहे, आणि ते काम होईपर्यंत प्रोसेसर ४.८ वर नव्हे, ४.३ वरच ठेवला आहे. वहीत त्याने स्वतःच तशी तारखेसह नोंद केली.