आधी मेण धुवायचं, मग विष चढवायचं

'तेल आणि पाणी वेगळं करणारं जादूचं कापड' अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी माझ्या वाचनात येते. कुठल्याशा प्रयोगशाळेत सुती कापडावर असा काही लेप देतात की पाण्याचा थेंब त्यावर अळवाच्या पानावर असावा तसा टपोरा उभा राहतो, तेल मात्र आरपार जातं. थेंब आणि कापड यांच्यातला कोन १५० अंशांच्या वर गेला की शोधनिबंध तयार! छान आहे, मलाही कौतुक वाटतं. पण घोटवडे फाट्याहून भरे गावाकडे जाताना पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेच्या पाण्यावर तेलाचे सप्तरंगी तवंग दिसतात, आणि ते कौतुक ओसरतं.

मला सांगा, कापूस पाणी शोषतो हे आपल्याला कोणी शिकवलं? औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीने. तो कापूस कॉस्टिक सोड्यात उकळून, ब्लीच करून त्याचं मेण काढून टाकलेलं असतं. १० सेकंदांत पाण्यात बुडतो की नाही, ही त्याची परीक्षाच असते. बोंडातून निघालेला, नुसती सरकी काढलेला कापूस मात्र पाण्यावर टाका, तरंगत राहतो. धाग्यावर वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का नैसर्गिक मेण असतं, ते पाण्याला दूर ठेवतं आणि तेलाला जवळ करतं.

म्हणजे आपला पराक्रम बघा. आधी ते मेण रसायनं आणि ढीगभर पाणी वापरून धुवायचं, आणि मग पाणी झटकण्याचा तोच गुण परत आणायला वर दुसरं रसायन चढवायचं. त्यातही वर्षानुवर्षं लाडकी राहिली ती फ्लोरिनवाली रसायनं, जी निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. त्यांच्यातलं पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. नदी स्वच्छ करायला निघालेल्या कापडातून हीच नदीत झिरपणार असतील, तर तेल परवडलं! स्टिअरिक आम्लासारख्या साध्या मेदाम्लांचा लेप देऊनही काम होतं, पण त्याची बातमी कमी होते.

कच्च्या कापसाची गोष्ट हवेतली नाही. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, त्यानंतर टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार आणि सहकाऱ्यांनी कापूस तपासला. २०१३ साली त्यांनी मांडलं की एक पौंड कच्चा कापूस ३० पौंडांहून जास्त खनिज तेल धरतो. त्याच २०१० च्या ७ ऑगस्टला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात गेलं होतं. किनाऱ्यावरच्या खारफुटीला काळा लेप बसला. कापसावर उभी राहिलेली मुंबई ती, आणि माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था!

मला त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. तेल जास्त धरतो तो अपरिपक्व, बारीक धाग्याचा, म्हणजे कमी मायक्रोनेअरचा कापूस. ज्याला यवतमाळ-अकोल्याच्या बाजारात व्यापारी नाक मुरडून भाव पाडतो, तो. (यावरून कोणी फरदड घ्यायला निघू नका, गुलाबी बोंडअळीला ते आमंत्रण आहे.)

आता परत भरे गावाकडे. या पट्ट्यात लहान-मोठी वर्कशॉपं आहेत, गॅरेजं आहेत, गाड्या धुण्याची ठिकाणं आहेत. इथलं पाणी ओढ्यांनी मुळेत उतरतं. आणि मुळशी धरणाचं बरंचसं पाणी विजेसाठी घाट उतरून भिऱ्याला जातं, त्यामुळे उन्हाळ्यात खालच्या नदीला घाण पातळ करण्याइतकंही बळ नसतं. नदीत सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल-ग्रीस नको, असा नियम आहे. तो पाळायला जादूचं कापड लागतंच असं नाही. सुरुवात साध्या सापळा-टाकीपासून होते, तेल वर, पाणी खालून बाहेर. आणि वरचा तवंग टिपायला जाळीच्या पिशवीत कच्चा कापूस. मेकॅनिककडचं 'कॉटन वेस्ट' बहुधा धुतलेल्या, रंगवलेल्या सुताचं, ते तेलाआधी पाणीच पिऊन बसतं.

यावर म्हणाल, सीएनसी मशीनच्या कूलंटचं दुधाळ पाणी कापसाने वेगळं होत नाही. बरोबर, होत नाही. त्यात तेल बारीक कणांनी मिसळलेलं असतं, तिथे आधी ते मिश्रण फोडावं लागतं. इथे प्रयोगशाळांनी जरूर डोकं चालवावं, फ्लोरिन सोडून. पण गाडी धुण्याच्या पाण्यावरच्या तवंगासाठी संशोधनाची वाट बघतोय, असं कोणी म्हणू नये.

तेलकट कापसाचं पुढे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. २०१६ च्या नियमांत तेलकट चिंध्या घातक कचऱ्यात मोडतात. पिळून निघालेलं तेल अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे आणि बोळे रांजणगावसारख्या केंद्रात, हा खर्च आहेच. तो आजच्या तेलकट चिंध्यांनाही लागू आहे. त्या सध्या कुठे जातात, ते संध्याकाळी वर्कशॉपमागे धूर दिसला की कळतं.