आरोग्य-विचार : मेंदूंतील झाडलोट

घरांतील आजोबा एकच प्रश्न दहादां विचारूं लागले, जेवून उठल्यावर पुन्हां पानाची वाट पाहूं लागले, कीं ‘म्हातारचळ’ हा शब्द उच्चारून आपण मोकळे होतों. हा शब्द सुशिक्षित घरांतून आतां हद्दपार व्हावा, असें आम्हांस वाटतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें, साठी ओलांडलेल्या भारतीयांत शेंकडा ७.४ जणांस स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरांतील नव्वदांहून अधिकांस तो नाहीं. अर्थात् हा वयाचा धर्म नसून रोग आहे. त्यांत सर्वांत मोठा वांटा अल्झायमरच्या रोगाचा.

१९०६ सालीं जर्मन वैद्य आलोईस अल्झायमर यांनीं अशा एका मृत स्त्रीचा मेंदु सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां पेशींच्या बाहेर गांठी व आंत गुंतलेले धागे त्यांस आढळले. गांठी अ‍ॅमिलॉइड नामक प्रथिनाच्या व धागे टाऊ नामक प्रथिनाचे, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. परंतु हा केर सांचतो कां?

कोंकणांतील वाडीचा दाखला घ्यावा. झडलेला पाला आणि गोठ्यांतील शेण खताच्या खड्ड्यांत पडतें, कुजतें, आणि तेंच पुन्हां माडापोफळींच्या मुळाशीं जातें. पेशींतहि असेंच चालतें. मोडकीं प्रथिनें पिशवींत भरलीं जातात. ती पिशवी ‘लायसोसोम’ नामक आम्लयुक्त कोठारास मिळते, आणि तेथें त्यांचें विघटन होऊन उपयुक्त द्रव्यें पेशीस परत मिळतात. बेल्जियमचे क्रिस्तियाँ द द्यूव यांनीं १९५५ मध्यें या कोठाराचा शोध प्रसिद्ध केला, व १९६३ मध्यें या क्रियेस ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हें नांव दिलें. यीस्टमध्यें तिचीं जनुकें शोधणारे जपानचे योशिनोरि ओसुमि यांस २०१६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

कातडीच्या पेशी झडतात व नव्या येतात. मज्जापेशी मात्र बहुतेक जन्मभर त्याच. त्यांचे तंतु लांबलचक, त्यामुळें टोंकाचा केर पेशीच्या मध्यापर्यंत वाहून आणावा लागतो. २००५ मध्यें राल्फ निक्सन व त्यांचे सहकारी यांस रोग्यांच्या मेंदूंत अशा भरलेल्या पिशव्यांचे ढीग दिसले. केर गोळा होत होता, कुजत नव्हता. पुढें २०२२ मध्यें त्यांनीं उंदरांत दाखविलें कीं, बाहेरील गांठी दिसण्यापूर्वींच कोठारांतील आम्लता उणावते. रोगाचें हें एकमेव कारण नव्हे. परंतु एक महत्त्वाचा दुवा खास आहे.

हें वाचून कोणी म्हणेल, ‘आमची एकादशी हेंच औषध!’ उपाशी प्राण्यांच्या पेशींत ही झाडलोट वाढते, हें खरें. परंतु उपवासानें मनुष्याचा स्मृतिभ्रंश टळतो वा बरा होतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. त्यांतून ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हा आपला परिपाठ! मधुमेहाचें औषध घेणाऱ्या आजींस उपाशी ठेवणें तर घातक होय.

विसराळूपणा वाढतांच डॉक्टरांस दाखवावें. थायरॉइडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव अथवा खिन्नता यांमुळेंहि तशींच लक्षणें दिसतात, आणि त्यांवर उपाय आहेत. रक्तदाब व मधुमेह आटोक्यांत ठेवणें, ऐकूं येईनासें झाल्यास यंत्र लावणें, हेंहि हिताचें. रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ पासून उभें आहे; त्याचें नांव केवळ थट्टेंत घेण्याची खोड सोडून, गरज पडल्यास तेथील पायरी चढण्यांत कमीपणा मानूं नये.

शेवटीं एक विनंति. अशा वडीलधाऱ्यांच्या सेवेचा सर्व भार बहुधा घरांतील एकट्या सुनेवर पडतो. घरांत चार माणसें असतां तिला रात्रीची झोंपहि मिळूं नये, हें एकत्र कुटुंबास शोभत नाहीं. मुलगे, नातू, लेकी यांनीं पाळ्या लावून तो भार वांटून घ्यावा.