वारा प्यालेले कान

"डॉक्टर, ऐकू येतं, पण कळत नाही."

पस्तिशीतले एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसून असे म्हणाले. मी त्यांच्या कानात बॅटरी मारून पाहिले. थोडा मळ दिसला. मळ मऊ करणारे थेंब लिहून दिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. बाहेर बाक भरलेला होता. सात-आठ महिन्यांनी तेच गृहस्थ पुन्हा आले, या वेळी पत्नीला घेऊन. ती म्हणाली, "ह्यांचा टीव्ही तिसऱ्या घरात ऐकू जातो. मुलगी काही सांगायला आली की चारदा ‘काय? काय?’ करतात. आता तिनं सांगायचंच सोडून दिलंय."

हे शेवटचे वाक्य मला लागले. मग मी जे पहिल्या भेटीत विचारायला हवे होते ते विचारले. काम काय करता? खते-बियाण्यांच्या एका कंपनीचे प्रतिनिधी. फिरणे किती? रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर, मोटारसायकलवर, बारा वर्षे. आणि सुट्टीच्या दिवशी? मित्रांबरोबर कुंभार्ली घाट उतरून कोकण, कधी गोवा, एकदा लडाखसुद्धा. कानात शिटीसारखा आवाज येतो का? "येतो की. रात्री झोपताना तर फार. पण त्याचं काय एवढं?"

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून ऑडिओमेट्री करून घेतली. आलेख पाहिला तर दोन्ही कानांत ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. मोठ्या आवाजाने कान बिघडला की तो खड्डा बहुधा तिथेच पडतो. विणकाम खात्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या गिरणी कामगाराच्या आलेखातही तो दिसतो. या गृहस्थांनी गिरणीत कधी पाऊल टाकले नव्हते. त्यांची गिरणी त्यांच्या हेल्मेटात होती.

वाचकहो, मोटारसायकलचा आवाज म्हटला की आपल्याला इंजिन आणि सायलेन्सर आठवतो. तो त्रास रस्त्यावरच्या इतरांना. चालवणाऱ्याच्या कानाशी मात्र ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा आवाज बाकी सर्व आवाजांना मागे टाकतो. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात स्वारांच्या हेल्मेटात, कानाशी ध्वनिग्राहक बसवून मोजमापे झाली. ताशी ६० किलोमीटरला सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १६० ला सुमारे ११० डेसिबल आवाज आढळला. आपल्याकडची मंडळी १६० ने जात नाहीत असे धरून चालू. पण पुणे-बंगळुरू महामार्गावर ८० चा वेग ही सामान्य गोष्ट आहे, आणि त्या वेगाला कानाशी ९५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो.

आता ९५ म्हणजे किती, हे समजून घ्यावे लागेल. डेसिबलचा हिशेब किलो-लिटरसारखा सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबल आवाजात रोज ८ तास, ही कानाच्या दृष्टीने सुरक्षित समजली जाणारी मर्यादा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला फक्त १ तास. कराडहून पुणे सुमारे १६० किलोमीटर. ८० च्या वेगाने दोन तास धरले, तर एका दिवसाचा कोटा खंबाटकी घाटाच्या आसपासच संपतो. पुढचा सारा प्रवास उधारीवर! आणि कानाच्या सावकाराकडे सूट नसते.

कारण असे. आपल्या अंतर्कर्णात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. जोंधळ्याच्या शेतावरून वारा गेला की ताटे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. पण वादळ झाले की आडवी होतात ती उठत नाहीत. तसेच हे आहे. लांबच्या प्रवासानंतर कान जड होतात, गुणगुण होते, सकाळपर्यंत बरे वाटते. ही वाकलेली ताटे. हे वारंवार होत राहिले की काही पेशी कायमच्या मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, तेल तर नाहीच नाही.

प्रथम जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. स, श, फ, थ, ख ही व्यंजने तिथली. म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते, शब्द मात्र निसटतात. लहान मुलांचा आणि बायकांचा आवाज आधी हरवतो. घरातले म्हणतात, ‘ह्यांचं लक्षच नसतं.’ लक्ष असते हो, कानच नसतो!

"पण डॉक्टर, मी तर हेल्मेट घालतो," असे पुष्कळ जण म्हणतात. घालतात हे उत्तमच करतात. हेल्मेट डोके वाचवते आणि त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही ते कायद्याने सक्तीचे आहे आणि ते योग्यच आहे. पण हेल्मेट हे कानाचे चिलखत नव्हे. वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीचा, गुरगुरणारा असतो आणि नेमका तोच हेल्मेटचे अस्तर अडवू शकत नाही. शिवाय हनुवटीखालच्या मोकळ्या फटीतून वारा आत घुसतो आणि तिथेच गोंगाट माजवतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातील संशोधकांनीही हनुवटीकडच्या या भागावरच बोट ठेवले आहे.

म्हणून हेल्मेट काढून फेकणारेही मला भेटतात. "घातलं की घुमतं," म्हणतात. त्यांना माझे सांगणे एवढेच : उघड्या कानावर वारा काही मवाळपणे येत नाही, आणि रस्त्यावर डोके आपटले तर ऐकायला कोणी शिल्लक राहत नाही. घुमते म्हणून हेल्मेट टाकायचे नसते, घुमणे कमी करायचे असते. ते कसे, हे पुढे सांगतो.

पहिली गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला की वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा तीस पटींहून अधिक वाढते. उलट १०० वरून ८० वर आलात तर आवाज चार-पाच डेसिबलने उतरतो. १०० किलोमीटरच्या प्रवासाला १५ मिनिटे जास्त लागतील, पण कानावरचा एकूण मारा निम्म्याहून कमी होईल. इतका स्वस्त उपचार माझ्या दवाखान्यात दुसरा नाही.

दुसरी गोष्ट हेल्मेटची निवड. आयएसआय चिन्हाचे, पूर्ण तोंड झाकणारे घ्यावे. गालांना घट्ट बसावे. डोके हलवले की हेल्मेटही सोबत हलले पाहिजे. सैल हेल्मेट अपघातातही दगा देते आणि वाऱ्यातही डुगडुगते. समोरची काच नीट बंद होते का ते पाहावे. उकाड्यामुळे बोटभर काच वर ठेवून जाण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या फटीतून वाऱ्याची शिटी वाजते आणि डोळे कोरडे पडतात ते वेगळेच. पुढे छज्जा असलेली हेल्मेटे रुबाबदार दिसतात, पण मोठ्या वेगात तो छज्जा वारा धरतो आणि मान मागे ओढतो. गळ्याशी अंगाबरोबर बसणारी कापडी पट्टी घातली तर हनुवटीखालची फट बुजते. मात्र मफलर किंवा ओढणीची टोके लोंबती ठेवू नयेत. चाकात अडकून गळ्याला फास बसल्याची उदाहरणे आहेत.

तिसरी गोष्ट पुढच्या काचेची, म्हणजे विंडस्क्रीनची. काच जितकी मोठी तितका वारा कमी, असा एक समज आहे. वारा काचेच्या वरच्या कडेवरून उसळतो आणि तिच्यामागे भोवरे तयार होतात. नदीत खडकामागे पाणी गरगरते तसेच हे. आपले डोके नेमके त्या भोवऱ्यात आले की हेल्मेटावर धपाधप ठोसे बसतात. नजर थरथरते, मानेचे स्नायू दिवसभर झुंजत राहतात, आणि संध्याकाळी माणूस ‘मान धरली’ म्हणून माझ्याकडे येतो. माझ्याकडे आलेल्या अशा दोघा-तिघांना मी पट्टा आणि मलम दिले होते. खरे औषध पान्ह्यात होते!

तपासायचे कसे? रिकाम्या, सरळ रस्त्यावर, दिवसा, मागे कोणी नसताना, बेताच्या वेगात क्षणभर पायपट्ट्यांवर किंचित उठावे. मग किंचित खाली वाकावे. दोन्हींपैकी एका स्थितीत गोंगाट एकदम शांत झाला, तर दोष काचेच्या उंचीचा. मग कोन बदलून पाहावा, उंची कमी-जास्त करावी. काच आणि दिव्याच्या मधे खालून थोडी हवा येऊ दिली तर मागचे भोवरे पुष्कळदा निवळतात. एक दिवस काच काढूनही चालवून पाहावे. छातीवर वारा येईल, पण तो सरळ आणि सलग असेल. भोवऱ्यातल्या वाऱ्यापेक्षा सरळ वारा कमी गोंगाट करतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. काच अशी हवी की तिच्यावरून रस्ता दिसावा, तिच्यातून नव्हे. पावसात आणि रात्री तेच सुरक्षित. फडफडणारे रेनकोट आणि सैल पिशव्याही आवरून बांधाव्यात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत. तिथल्या आडव्या वाऱ्यात फुगलेला रेनकोट शिडाचे काम करतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कानातल्या बोळ्यांची. औषधांच्या दुकानात फोमचे इअरप्लग चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतात. हात धुऊन बोळा बोटांत बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सारून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. काढताना हळू, पिळत काढावा. कापसाचा बोळा या कामाचा नाही. त्याने फार थोडा आवाज अडतो. आणि मोबाइलच्या गाण्यांचे इअरफोन म्हणजे आगीत तेल. वाऱ्यावर मात करायला गाणे त्याहून मोठे लावावे लागते.

"मग हॉर्न कसा ऐकू येणार?" हा प्रश्न हटकून येतो. बोळा वारा आणि हॉर्न दोन्हींना सारखेच खाली आणतो, त्यामुळे दोहोंतला फरक कायम राहतो. ऊन डोळ्यांवर असताना गॉगल लावला की आंधळे होत नाही, उलट स्पष्ट दिसते, तसेच हे. गावात, बाजारपेठेत, हळू जाताना मात्र बोळे काढून ठेवावेत. तिथे त्यांची गरज नाही. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घालू नये.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचाही विचार करावा. मागची बैठक उंच असते, त्यामुळे पुढच्याच्या खांद्यावरून उसळलेला वारा थेट तिच्या डोक्यावर आदळतो. बोळ्यांचा दुसरा जोड तिच्यासाठी. त्या गृहस्थांच्या पत्नीची ऑडिओमेट्री करायचे मला सुचले नाही, त्यांनीच विचारले, "माझी पण करता का?"

आता थोडे कडू बोलतो. कारखान्यात कामगारासाठी ८ तासांना ९० डेसिबल अशी मर्यादा नियमांत घातलेली आहे. पण औषधांचे, खतांचे, विम्याचे प्रतिनिधी, कुरिअरवाले, वसुलीवाले अशी जी मुले कंपनीच्या कामासाठी दिवसभर वाऱ्यात असतात, त्यांच्या कानांची नोंद कोणत्या वहीत होते? पेट्रोलचा हिशेब किलोमीटरने होतो, कानाचा होत नाही. कंपन्यांनी पेट्रोलभत्त्याबरोबर वर्षाला चार-सहा जोड बोळे आणि एक ऑडिओमेट्री द्यावी, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. आणि तरुणांनाही सांगतो : आवाज वाढवणाऱ्या सायलेन्सरवर हजारो रुपये घालवता, आणि आवाज कमी करणाऱ्या वीस-तीस रुपयांच्या बोळ्याला ‘म्हाताऱ्यांचं काम’ म्हणून हसता. बोळा न घालणाराच लवकर म्हातारा होतो.

प्रवासानंतर कानातली गुणगुण दुसऱ्या दिवशीही राहिली, तर तपासणी करून घ्यावी. आणि एका कानाचे ऐकू येणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले, तर थेंब टाकत घरी बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. तिथे दिवसांना किंमत असते.

ते गृहस्थ आता कानात बोळे घालतात, सत्तरच्या पुढे जात नाहीत आणि काच दोन बोटे खाली घेतली आहे. गेले ते परत आलेले नाही. पण गेल्या तपासणीत खड्डा वाढलेला नव्हता. मुलीला त्यांनी सांगून ठेवले आहे, "समोर येऊन, तोंडाकडे बघून बोल." ती पुन्हा बोलू लागली आहे. आणि मी? पस्तिशीतला माणूस ‘कळत नाही’ म्हणाला की कानात बॅटरी मारण्याआधी विचारतो, "गाडी कोणती, आणि रोज किती किलोमीटर?"